उत्तरेची भिंत हिरवी झालीय? आधी गच्चीवर जा

प्रश्न : जुळे सोलापुरात आमचं दुमजली घर आहे, बांधून चौदा वर्षं झाली. मागची, उत्तरेकडची भिंत यंदा पावसाळ्यानंतर हिरवीगार झालीय. गच्चीच्या कठड्यावरून खाली काळे ओघळ आलेत, मध्ये बाथरूमजवळ एक काळपट पट्टा आहे आणि खाली जमिनीलगत पांढरी पावडर सुटून रंगाचे पोपडे निघतायत. तीन वर्षांपूर्वीच चांगल्यातला रंग दिला होता. रंगारी म्हणतो, ‘घासून पुट्टी भरतो, वरून दोन हात मारतो, सात वर्षं बघायचं नाही की ओ.’ धाकटे दीर म्हणतात, ॲसिड मारा. मुलाला वॉशिंग सेंटरवाल्याचं प्रेशर मशीन आणायचंय. सांगोल्याचा भाचा डाळिंबवाला, तो म्हणतो, ‘मामी, डाळिंबावर मारतो ते बोर्डो फवारून देतो, एक शेवाळ राहणार नाही.’ सासूबाईंना दमा आहे आणि त्यांची खोली नेमकी त्याच भिंतीला लागून आहे. दिवाळी तोंडावर आलीय. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, जुळे सोलापूर

ताई,

चौघंही भिंतीवर काय मारायचं तेवढंच सांगतायत. भिंतीवर पाणी कुठून येतंय, हे एकानंही विचारलेलं दिसत नाही. तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तोच आहे, म्हणून आधी त्याच्याकडे वळतो. ॲसिड, मशीन आणि बोर्डोचं नंतर बघू.

तुमचं घर रत्नागिरी-चिपळूणकडे असतं तर मी एवढ्या खोलात गेलो नसतो. तिकडे चार महिने भिंत सुकतच नाही. शेवाळ येणार, दसऱ्याला धुवायचं, पुढच्या वर्षी परत येणार. आपल्याकडे पाऊस तिकडच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही पडत नाही. एरवी हवा इतकी कोरडी की उन्हाळ्यात दोरीवर टाकलेलं धोतर बघता बघता वाळतं. अशा गावात भिंतीचा एखादा भाग हिरवा राहतो, काळा पडतो, दरवर्षी त्याच जागी परत उगवतो, तेव्हा तिथे कुठून तरी पाणी पोचतंय हे नक्की समजा. सोलापुरातल्या भिंतीवरचं शेवाळ म्हणजे गळतीचा पत्ता असतो. तो वाचायच्या आधी पुसून टाकू नका. घासायला घेण्यापूर्वी मोबाइलवर सगळ्या भिंतीचे फोटो काढून ठेवा, अगदी जमिनीपासून कठड्यापर्यंत.

उत्तरेच्या भिंतीला मात्र थोडी सूट द्यायला हवी. सोलापुरात सगळ्यात जास्त पाऊस जून-जुलैत पडत नाही, तो सप्टेंबरात पडतो. आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे सरकतो, तो पुढे २१ मार्चपर्यंत उत्तरेच्या भिंतीवर थेट ऊन टाकतच नाही. म्हणजे भिंत वर्षात सगळ्यात जास्त भिजते आणि त्याच आठवड्यापासून सहा महिने सावलीत जाते. त्यामुळे सगळ्या भिंतीभर पातळ, एकसारखी हिरवट झाक आली असेल तर तिला फारसं मनावर घेऊ नका. ती पावसाची आणि सावलीची आहे. दाट हिरवं, लांबट, ओघळासारखं किंवा गोल ठिपक्यासारखं जे दिसतं, त्याच्या मागे लागायचं.

आता तुम्ही चार गोष्टी लिहिल्यात : हिरवं, काळे ओघळ, काळपट पट्टा आणि पांढरी पावडर. या सगळ्याला घरोघरी ‘बुरशी’ म्हणतात, आणि तिथेच घोळ होतो.

हिरवं ते शेवाळ. ओलं असताना बुळबुळीत, बोट फिरवलं की बोटाला हिरवा रंग लागतो. त्याला उजेड लागतो, म्हणून ते बाहेर येतं, कपाटामागे येत नाही. कठड्याखालचे काळे ओघळ हे बहुतेक वेळा त्याच्याच भाऊबंदांपैकी असतात. नील-हरित जिवाणू म्हणतात त्यांना. उन्हापासून बचाव म्हणून ते स्वतःभोवती काळपट रंगद्रव्याचा थर करतात, महिनोन्महिने कोरडे ठणठणीत पडून राहतात आणि पाऊस लागला की पुन्हा जागे होतात. म्हणून मे महिन्यात जो डाग धुळीचा वाटतो, तोच जुलैत हाताला बुळबुळीत लागतो. खात्री करायची असेल तर कोरड्या काळ्या डागावर पाणी शिंपडा आणि चहा पिऊन परत या. डाग मऊ पडून हिरवट दिसायला लागला तर तो जिवंत आहे. कठड्यावर राखाडी, खरबरीत, नाण्याएवढे गोल चट्टे असतील तर ते दगडफूल. आपल्या काळ्या मसाल्यात घालतो त्याच कुळातलं, पण भिंतीवरचं खरवडून मसाल्यात घालू नका. दगडफूल चिकट असतं. एका धुण्यात निघालं नाही म्हणून चिडून तारेचा ब्रश घेऊ नका. औषध लावून ते मरू द्या, महिन्या-दोन महिन्यांत सुकून आपोआप सुटायला लागतं.

खरी बुरशी वेगळी. ती ठिपक्याठिपक्यांनी येते, काळी, करडी, कधी हिरवट, जवळून पाहिलं तर कापसासारखी किंवा मखमली लव दिसते. तिला उजेडाची गरज नाही. ओल आणि खायला काहीतरी मिळालं की झालं : रंगातला चिकट पदार्थ, धूळ, प्लायवूड, कागद. बाथरूमजवळचा तुमचा पट्टा बुरशीचा असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

काळं ते सगळं जिवंतच असतं असंही नाही. हमरस्त्याची धूळ असते, गाळपाच्या दिवसांत कारखान्याजवळच्या वस्त्यांत काजळी उडून येते, खिडकीच्या ग्रिलखाली गंजाचे तांबूस ओघळ असतात. ओळखायचा सोपा उपाय आहे. लिक्विड ब्लीचमध्ये चौपट पाणी घाला आणि त्यात बुडवलेला कापसाचा बोळा डागावर टेकवून ठेवा. दोन-चार मिनिटांत डाग फिका पडला तर शेवाळ किंवा बुरशी. तसाच राहिला तर काजळी, धूळ किंवा गंज. तिथे ब्लीच वाया घालवू नका, साबणाचं पाणी पुरे. गंजाला तर ब्लीच मुळीच नको, तो आणखी वाढतो.

आणि खालची पांढरी पावडर? तो लोणा आहे ताई. त्याचा बुरशीशी काही संबंध नाही. जमिनीतला, विटांतला, वाळूतला क्षार पाण्याबरोबर वर चढतो, पाणी उडून जातं आणि क्षार भिंतीवर उरतो. चिमूटभर पावडर वाटीभर पाण्यात टाका, विरघळली तर लोणा. रंगाचे पोपडे तोच काढतो, आतून ढकलून.

हा फरक मी एवढा घोळून सांगतोय त्याला कारण आहे. शेवाळ आणि बुरशी नेहमी ओली करूनच घासायची, कोरडी घासली तर तिचे बीजाणू घरभर उडतात. लोण्याचं बरोबर उलटं : तो कोरड्या ब्रशनं झाडून, सुपलीत गोळा करून बाहेर टाकायचा. पाणी मारून धुतलात की क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतो आणि पंधरा दिवसांत परत बाहेर येतो. एकाच भिंतीवर वर एक नियम आणि खाली दुसरा. रंगारी सगळीकडे एकच खराटा फिरवतो.

आता गच्चीवर चला.

पहिली टाकी. आपल्याकडे नळाला पाणी दर काही दिवसांनी येतं, तेही रात्री-अपरात्री. आलं की मोटर लावायची आणि झोपायचं. टाकी भरते, ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी धो धो भिंतीवर. उन्हाळ्यातसुद्धा आठवड्यातून एक-दोनदा भिंतीच्या त्याच पट्ट्याला असं आंघोळीचं पाणी मिळतं. तुमच्या ओव्हरफ्लो पाइपाचं तोंड बघा. कडेला क्षाराचा पांढरा थर बसलेला असेल आणि त्याच्या बरोबर खाली भिंतीवर हिरव्या रंगाची जीभ लोंबत असेल तर अर्धं कोडं सुटलं. बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी अडवणारी तरंगती झडप, बदला. तो काही फार मोठा खर्च नाही. आणि ओव्हरफ्लोचा पाइप भिंतीवर न सोडता खाली जमिनीपर्यंत नेऊन एखाद्या झाडाच्या आळ्यात सोडा. उजनी धरणाहून एवढा खटाटोप करून आलेलं पाणी शेवाळाला कशाला?

दुसरा कठडा. त्याच्या माथ्यावर हात फिरवा. माथ्याचा उतार गच्चीकडे, म्हणजे आत असायला हवा. बऱ्याच घरांत तो सपाट असतो, नाहीतर बाहेर झुकलेला. मग माथ्यावर साठलेली वर्षभराची धूळ पहिल्या पावसात काळं पाणी होऊन बाहेरच्या अंगानं उतरते आणि त्या धुळीवरच ते काळे ओघळ पोसले जातात. गवंड्याकडून माथ्याला आत उतार करून घ्या, किंवा शहाबादीची पट्टी बाहेर दोन बोटं पुढे काढून बसवा. त्या पट्टीच्या खालच्या अंगाला कडेपासून थोडं आत एक खाच लागते. गवंडी तिला ड्रिप म्हणतात. पाणी त्या खाचेपाशी तुटून खाली टपकतं, भिंतीला चिकटून येत नाही. खिडक्यांवरच्या छज्ज्यांनाही अशी खाच असते, निदान बांधताना होती. खालून वर बघा. माझा अंदाज असा की मागच्या रंगकामात ती पुट्टीनं गुळगुळीत भरून टाकलेली सापडेल. ‘फिनिशिंग’ म्हणून. एका बोटाची खाच बुजवली की पुढची तीन वर्षं छज्ज्याखाली काळी मिशी.

तिसरं, कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तो कोपरा. तिथला वाटा, म्हणजे कोपऱ्यात भरलेली सिमेंटची गोलसर पट्टी, तडकलेला असेल तर पाणी भिंतीच्या आत उतरतं आणि फूट-दोन फूट खाली बाहेर ओल दाखवतं. पावसाळी पाइपाचं तोंड पानांनी तुंबलंय का, हेही तिथल्या तिथे बघून घ्या. आणि भेगेत पिंपळाचं रोप दिसलं तर शेवाळाआधी ते काढा, मुळासकट. शेवाळ भिंत घाण करतं, पिंपळ भिंत फोडतो. अजून दोन पानांचं आहे म्हणून पाप-पुण्याचा विचार करत बसू नका. हवं तर कुंडीत लावा.

चौथं बाथरूम. तिथला पट्टा पावसाळ्यातच काळा होतो की मार्च-एप्रिलमध्येही असतो, आठवून बघा. उन्हाळ्यातही असेल तर पावसाचा काही दोष नाही, आतला पाइप किंवा फरशीचा सांधा गळतोय. न्हाणीचं भोक कापडानं बंद करून बोटभर पाणी साठवा, त्यात नीळ कालवा आणि २४ तास ठेवा. पाणी उतरलं किंवा बाहेर निळसर ओल दिसली तर प्लंबर आधी, रंगारी नंतर. एसीचं पाणी भिंतीवर टपकत असेल, किंवा खिडकीतल्या कुलरच्या टाकीला चीर असेल, तर तेही याच यादीत धरा. कुलरखाली शेवाळाचा हिरवा अर्धगोल असलेली घरं सोलापुरात गल्लोगल्ली दिसतील.

पाचवं जमिनीलगतचं. भिंतीला खेटून फुलझाडांचा वाफा आहे का? असेल तर दीड-दोन फूट मागे घ्या. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे घराभोवतीच्या शहाबादी फरशीत आणि भिंतीत बोटभर फट पडते. फरशी खचून तिचा उतारही कित्येकदा घराकडेच होतो. पावसाचं सगळं पाणी त्या फटीत जातं आणि लोणा होऊन वर येतं. फट भरा, फरशीला बाहेरच्या बाजूला उतार द्या. लोण्यावर कुठलंही ‘वॉटरप्रूफ’ मारण्याआधी हे करायचं, नाहीतर पाणी आतच कोंडतं आणि पुढच्या वर्षी लोणा आणखी फूटभर वरून बाहेर पडतो.

हे झालं की मग धुणं. त्याला फार डोकं लागत नाही, काळजी मात्र लागते.

घरगुती लिक्विड ब्लीच साधारण ५ टक्क्यांचं असतं. त्याचा एक भाग आणि पाणी चार भाग, म्हणजे १ टक्क्याचं द्रावण होतं. भिंतीवरच्या शेवाळाला ते पुरतं. ब्लीचिंग पावडर वापरायची तर ताजी आणा. लिटरभर पाण्याला ३० ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत कालवून अर्धा तास निवळू द्या आणि वरची निवळी घ्या. गाळ भिंतीवर गेला तर पांढरे डाग पडतात. सोलापूरच्या उन्हात ब्लीचचा जोर लवकर उतरतो, म्हणून रोज लागेल तेवढंच करा आणि डबा सावलीत ठेवा. बादलीला चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण घातला तर द्रावण भिंतीवर जरा टिकतं. साबण साधा घ्या, अमोनिया असलेलं काच पुसायचं पाणी त्यात चुकूनही मिसळू नका. आधी कोपऱ्यात वीतभर जागी लावून बघा, रंग विटत नाही ना.

काम सकाळी सातला सुरू करा, भिंतीवर ऊन यायच्या आत. तुमच्या भिंतीवर यापुढे मार्चपर्यंत ऊन नाहीच, तेव्हा इथे तिची सावली कामी येईल. वारा असेल त्या दिवशी नको. भिंत आधी साध्या पाण्यानं ओली करा. म्हणजे ती सगळं द्रावण पिऊन टाकत नाही. द्रावण खालून वर लावत जा. वरून खाली लावलं तर ओघळ आधी उतरतात आणि तिथे फिकट रेघा उमटतात, त्या मग जात नाहीत. दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, पण वाळू देऊ नका. वाळायला लागलं तर परत शिंपडा. मग नायलॉनच्या ब्रशनं हलक्या हातानं घासा आणि धुताना मात्र वरून खाली, भरपूर पाण्यानं. हे पाणी नळ येईल त्या दिवशीचं वापरा. बोअरचं पाणी जड असेल तर शेवाळ जातं आणि क्षाराचे पांढरे डाग राहतात. काळे ओघळ एका वेळी पूर्ण जाणार नाहीत. आठवड्यानं दुसरा हात द्या. ब्लीच जास्त कडक करून एका दमात उरकायचा मोह नको.

फवारायला शेतातला पाठीवरचा पंप आणणार असाल तर त्यात पूर्वी तणनाशक गेलेलं नाही ना, हे भाच्याला विचारा. गेलं असेल तर तो पंप घराजवळच नको. आणि ब्लीच पंपाचे रबरी वायसर खातं, पितळेचा नोझल काळा पाडतं, तेव्हा भाचा प्रेमानं देईल, परत घेताना तोंड वाकडं करेल. स्वस्तातला प्लास्टिकचा हातपंप बरा.

तुळस, गुलाब, कढीपत्ता, जे काही भिंतीखाली असेल ते आधी पाण्यानं चिंब करा, प्लास्टिकनं झाका आणि काम झाल्यावर परत पाणी द्या. अंगात जुने कपडे, हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा. दुसऱ्या मजल्याच्या उंचीचं काम शिडीवर उभं राहून करू नका. शिडीवर एक हात ब्रशला आणि एक बादलीला, मग धरायचं कशाला? तिथे परांची बांधणाराच माणूस बोलवा.

आता दिरांच्या ॲसिडचं. एका वाक्यात सांगायचं तर नको. जरा सविस्तर : संडास साफ करायचं ॲसिड सिमेंट खातं, चुना खातं, शहाबादी तर खातंच, कारण शहाबादी हा चुनखडीचाच दगड आहे. थेंब पडला की फसफसतो आणि तिथली फरशी कायमची पांढुरकी, खरबरीत होते. अशा खरबरीत जागी पुढचं शेवाळ आणखी चांगलं धरतं. त्याहून मोठी गोष्ट, ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ‘आधी ॲसिड मारू, नाही गेलं तर वरून ब्लीच’ असं कुणी म्हणालं तर त्याला भिंतीजवळ फिरकू देऊ नका. व्हिनेगर, लिंबू यांनाही हेच लागू. तुमच्याकडे दम्याचा पेशंट आहे, म्हणून हे दोनदा वाचा.

प्रेशर मशीन गाडीच्या पत्र्यासाठी असतं. चौदा वर्षांच्या प्लास्टरवर जवळून मारलं तर शेवाळाबरोबर रंग आणि रंगाबरोबर वाळू निघते, आणि केसाएवढ्या भेगांतून पाणी आत घुसतं. म्हणजे ओल काढायला निघालो आणि ओल भरून आलो. अंगणातल्या फरशीवर, रॅम्पवर मुलाला खुशाल हौस भागवू द्या. गावात कुणाचं जुनं माळवदाचं, दगड-मातीचं घर असेल तर त्याच्या भिंतीसमोर ते मशीन नेऊसुद्धा नये, दगडांमधल्या दरजा धुऊन जातील.

भाच्याचा बोर्डो मला चौघांत सगळ्यात शहाणपणाचा वाटला, हे कबूल. शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, हे १ टक्क्याचं मिश्रण डाळिंबवाल्यांच्या हातचा मळ आहे, आणि मोरचुदातलं तांबं शेवाळाला मारतं यात शंका नाही. पण भिंत निळसर होते, तो डाग निघत नाही, आणि खिडक्यांच्या लोखंडाला, ॲल्युमिनियमला तांबं लागलं की ते खराब होतात. भाचा बोर्डो लोखंडी बादलीत करत नसेल, तो याचसाठी. शिवाय तांबं मातीत साठून राहतं आणि पावसानं धुऊन खालच्या वाफ्यात जातं. बागेत ठीक आहे, घराला नको. त्यातला नुसता चुना मात्र उचला. मागच्या कंपाउंडच्या भिंतीला किंवा रंग न दिलेल्या विटांना दर दिवाळीला चुन्याचा हात दिला तर शेवाळ लवकर धरत नाही. चुना इतका तीव्र अल्कली असतो की त्यावर काही उगवायला धजत नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या भिंती अशाच राहिल्या. तुमच्या घराच्या भिंतीवर आता प्लास्टिकयुक्त रंग आहे, त्यावर चुना धरणार नाही, पापुद्रे सुटतील. म्हणून तिथे नको.

सासूबाईंच्या दम्याबद्दल तुम्ही शेवटी लिहिलंय, मला ते सगळ्यात आधी वाटलं. बाहेरच्या हिरव्या शेवाळाचा त्यांच्या छातीला फारसा त्रास नसतो. त्रास देते ती आतली बुरशी. त्यांच्या खोलीतलं त्या भिंतीचं कपाट आजच पुढे ओढा. मागे काळे ठिपके आहेत का, कपड्यांना कुबट वास येतो का, तळहात टेकवला तर भिंत बाजूच्या भिंतीपेक्षा गार लागते का, बघा. तसं असेल तर त्यांची खोली आधी बदला. भिंतीचं काय ते नंतर. कपाट परत ठेवताना भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवा. आणि बाहेर ब्लीचचं काम चालेल त्या दिवशी त्यांना पुढच्या खोलीतही ठेवू नका, नातेवाइकांकडे पाठवा. ऑक्टोबर हीटमध्ये कुलर चालू असेल तर तो बंद करायचा, कारण कुलर बाहेरचीच हवा ओढून आत देतो. खिडक्या बंद. संध्याकाळी सगळं उघडून दोन-तीन तास वारा खेळू द्या, मग त्यांना आणा. एवढं करूनही त्यांना खोकला-धाप वाढली तर भिंतीचा विचार सोडून डॉक्टरांकडे न्या.

राहिला रंगारी. दिवाळीआधी त्या भिंतीला पुट्टी आणि रंग अजिबात नको. सप्टेंबरभर पाणी प्यायलेली, सावलीतली भिंत दिवाळीपर्यंत आतून वाळत नाही. ओल्या भिंतीवर पुट्टी भरली की आतलं पाणी ती पुट्टी ढकलूनच बाहेर येतं. तीन वर्षांपूर्वीचा रंगही असाच ऐन दिवाळीच्या घाईत दिला होता का, आठवून बघा. वाळली की नाही हे बघायची युक्ती अशी : दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दुपारी लावून दुसऱ्या दिवशी सकाळी काढा. आतल्या बाजूला दव धरलं असेल तर थांबा. कोरडं असेल तर प्रायमरला हरकत नाही. हे दोन-तीन ठिकाणी करा, त्यातलं एक बाथरूमच्या पट्ट्यावर आणि एक खाली लोण्याजवळ. गवंड्यानं कुठे नवीन प्लास्टर केलं असेल तर त्याला रंगाआधी चार आठवडे द्यावेच लागतात.

शेवाळरोधक रंग फसवा नसतो. त्यात शेवाळ मारणारं औषध असतं, ते दरवर्षीच्या पावसात थोडं थोडं झिरपून जातं आणि काही वर्षांत संपतं. पावसाच्या पाण्याचा हिशेब धरून ते घातलेलं असतं, टाकीच्या ओव्हरफ्लोचा नाही. सात वर्षांच्या गॅरंटीचं म्हणाल तर ती रंगाऱ्याच्या तोंडची आहे की कंपनीच्या कागदावरची, ते विचारा. कागद असला तर त्यात गळती, ओल आणि लोणा वगळलेत का, तेवढं वाचा.

या दिवाळीला फक्त समोरची बाजू आणि दारं-खिडक्या रंगवून घ्या. मागची भिंत नुसती धुतलेली राहू दे, पाहुणे तिकडे जात नाहीत. रंगाऱ्याला मागच्या भिंतीसाठी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याची तारीख द्या, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेचे मुख्य दिवस आटोपून माणसं कामावर आलेली असतात आणि तोवर भिंतही वाळलेली असेल. कोटेशनमध्ये तीन गोष्टी त्याच्याकडून लिहून घ्या : छज्ज्याच्या खाचा पुट्टीनं भरायच्या नाहीत, पोपडे निघालेल्या जागी प्लास्टरपर्यंत खरवडायचं, आणि प्लास्टिकची परीक्षा तुमच्यासमोर झाल्याशिवाय प्रायमरचा डबा फोडायचा नाही. आगाऊ मागितला तर समोरच्या बाजूपुरताच द्या.